जीनोमिक्स संस्थेची सायटेशन्स: हा ताळेबंद वाचायचा कसा?

फोंडेकर (धागाकर्ते)
मंडळी, विषय रूक्ष वाटेल, पण आमच्या घरात सध्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नाही. लेक गोवा विद्यापीठातून बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाली, जेआरएफही (संशोधनाची शिष्यवृत्ती) निघाली. आता पीएचडीसाठी दोन संस्थांकडून होकार आलाय. दोन्ही गोव्याबाहेरच्या, दोन्हीकडे जीनोमिक्सचंच, म्हणजे सजीवांचा अख्खा डीएनए (जीनोम) वाचून अभ्यासण्याचं काम. नावं मुद्दाम देत नाही, उगाच कोणाच्या नावाने शिमगा नको.

पहिल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन्स (दुसऱ्यांनी आपल्या निबंधांत केलेले उल्लेख), दर निबंधामागे सरासरी सायटेशन्स, सरासरी इम्पॅक्ट फॅक्टर आणि संस्थेचा एच-इंडेक्स छापलाय. बघून डोळे दिपतात. दुसरी संस्था याबाबतीत मूग गिळून बसलीय. तिच्या अहवालात नुसती निबंधांची यादी, तीही बारीक टायपात.

मी उभा जन्म बँकेत काढला, बराचसा कर्जखात्यात. ठळक छापलेलं शेवटी वाचायचं आणि तळटिपा आधी, ही तिथली शिकवण. पण या ताळेबंदाच्या तळटिपा कुठे असतात तेच कळत नाही. लेक म्हणते, "बाबा, आकड्यांच्या नादी लागू नका." धाकटा भाऊ म्हणतो, आकड्यांशिवाय दुसरं काय बघणार? जाणकारांनी सांगावं.

सुशेगाद
काका, जायचंय लेकीला आणि ताळेबंद तुम्ही वाचताय. तिला काय हवंय ते विचारलंत का?
(बाकी चर्चा वाचतोय. पॉपकॉर्न नाही, भाजलेल्या काजूबिया घेऊन बसलोय.)

फोंडेकर
विचारलं हो. तिचा कल दुसरीकडे आहे. आणि निर्णय तिचाच. मला फक्त समजून घ्यायचंय.

ताळगाव_पठार
फोंडेकर काका, नमस्कार. मी बायोइन्फर्मॅटिक्सवाला, म्हणजे जीनोमचा डेटा संगणकावर तपासणारा, त्यामुळे या आकड्यांशी रोजचा संबंध. जरा लांबण लावतो.

आधी सरासरी बघू. समजा एका लॅबचे दहा निबंध आहेत आणि त्यांची सायटेशन्स अशी: ९००, १४, ११, ९, ७, ६, ४, २, १, ०. बेरीज ९५४, म्हणजे सरासरी ९५.४. अहवालात हेच छापणार. पण मधला आकडा, मध्यक, काढा: साडेसहा. आणि एच-इंडेक्स ६, कारण किमान सहा सायटेशन्स मिळालेले निबंध सहाच आहेत. हा एच-इंडेक्स होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला, तोही एकेका संशोधकासाठी. संस्थेला लावला की तो मुख्यतः संस्थेचं वय आणि आकार सांगतो. जुनी, मोठी संस्था असेल तर एच-इंडेक्स मोठा असणारच. तो कधी खाली येत नाही, लोक निवृत्त झाले तरी.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर एका बड्या ठेवीदाराच्या जोरावर उभी असलेली शाखा. एकूण ठेवी बघून खूश व्हायचं, की तो ठेवीदार उद्या उठून गेला तर काय उरतं ते बघायचं?

जीनोमिक्समध्ये हा ९०० वाला निबंध बहुतेकदा तीनपैकी एका प्रकारचा असतो. एखादी पद्धत किंवा सॉफ्टवेअर, एखादा डेटाबेस, नाहीतर शेकडो लेखकांचा कन्सोर्टियम पेपर, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून केलेल्या प्रकल्पाचा. २०१४ मध्ये 'नेचर'ने आजवर सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या शंभर निबंधांची यादी केली होती. पहिला नंबर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचा, प्रथिनं मोजायची पद्धत, तीन लाखांवर सायटेशन्स. फ्रेड सँगरची डीएनए वाचायची १९७७ ची पद्धत पहिल्या पाचांत. डीएनए-प्रथिनांचे क्रम जुळवून बघणारी ब्लास्ट, क्लस्टल ही आमची रोजची हत्यारंही पहिल्या पंधरांत. आणि वॉटसन-क्रिकचा १९५३ चा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा निबंध? पहिल्या शंभरातसुद्धा नाही.

याचा अर्थ पद्धतवाले कमी प्रतीचे, असं मुळीच नाही. मी स्वतः त्याच पंथातला. सँगरच्याच नावाने इंग्लंडात हिंक्स्टनला जी संस्था आहे, तिने मानवी जीनोमचा साधारण एक तृतीयांश भाग वाचला, कुठल्याही एका संस्थेने उचललेला सर्वांत मोठा वाटा. तिथल्याच रिचर्ड डर्बिनच्या गटात असताना हेंग ली याने बीडब्ल्यूए आणि सॅमटूल्स ही जीनोमचा डेटा हाताळायची सॉफ्टवेअर्स लिहिली, दोन्हींचे निबंध २००९ चे. आज जगात कुठेही जीनोमचा डेटा आला की यातलं काहीतरी चालवलं जातं आणि साइट होतं. म्हणजे सायटेशन खरं आहे, फक्त ते नवीन शोध किती लागले ते सांगत नाही. आपली वस्तू दुसऱ्यांच्या किती कामाला आली ते सांगतं.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल उद्या लिहितो, आता भात शिजला.

अबोली
मुद्दा पटला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

ग्रंथालयवाली
कॉलेज ग्रंथालयात असल्यामुळे हे आकडे गोळा करायचं काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं, मूल्यांकन आलं की विशेष. तेव्हा तळटिपा कुठे असतात ते मी सांगते.

पहिली तळटीप: आकडा कुठून घेतला. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या सूचींची उत्तरं एकाच निबंधासाठी वेगवेगळी येतात. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच जाहीर केलेले मसुदे), परिषदेतले लेख, कधीकधी एकच गोष्ट दोनदा, असं सगळं मोजतं, त्यामुळे त्याचा आकडा जवळजवळ नेहमी सर्वांत मोठा. अहवालात स्रोत लिहिलेला नसेल तर तो गूगलचाच धरून चाला.

दुसरी: संस्थेचं नाव. हे प्रकरण बाहेरच्यांना वाटतं त्याहून फार गमतीचं आहे. आपल्या दोनापावल्याची एनआयओ घ्या. नुसतं 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ओशनोग्राफी' टाकून शोधलंत तर कराचीची एनआयओ येते आणि इस्रायलमधल्या हैफाचीही येते. तिघींचं नाव एकच! मग पत्त्यात गोवा घालावं तर मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमच्या प्रादेशिक केंद्रांचे निबंध गळतात. कोणी 'सीएसआयआर-एनआयओ' लिहितो, कोणी सीएसआयआर (एनआयओ जिच्याखाली येते ती केंद्राची संशोधन परिषद) पूर्ण लिहितो, कोणी पणजी, कोणी दोनापावला. दिल्लीच्या आयजीआयबी या जीनोमिक्स संस्थेचं बघा: २००२ च्या आधी ती सेंटर फॉर बायोकेमिकल टेक्नॉलॉजी होती. जुने निबंध त्या नावाने. ते जोडले की नाही, कोण बघतं?

शिवाय सीएसआयआरच्या प्रयोगशाळांमधली पीएचडीची मुलं आता 'ॲक्सीर' या अकादमीत नोंदलेली असतात, म्हणून निबंधावर दोन पत्ते. तोच निबंध प्रयोगशाळेच्या यादीत आणि ॲक्सीरच्याही यादीत. यात लबाडी कोणाची नाही, पण दोन्ही याद्यांची बेरीज कोणी केली तर तो एक निबंध दोन होतो.

काका, घरबसल्या बघायचं तर ओपनअ‍ॅलेक्स उघडा. निबंध आणि सायटेशन्सची ही ऑनलाइन सूची २०२२ पासून आहे, फुकट आहे, संस्थेचं नाव निवडलं की निबंध सायटेशनच्या क्रमाने लावून देतं. वरचे पाच निबंध बाजूला काढा आणि उरलेल्यांकडे बघा. त्यातही नावांचे घोळ आहेत, पण निदान काय मोजलंय ते डोळ्यांना दिसतं.

फोंडेकर
वा! हे मला झेपेल. आज संध्याकाळी बसतो.

ताळगाव_पठार
कालचं पुढे. सरासरी इम्पॅक्ट फॅक्टर ही अहवालातली सर्वांत निरुपयोगी ओळ, असं माझं स्पष्ट मत.

इम्पॅक्ट फॅक्टर असतो जर्नलचा. आधीच्या दोन वर्षांत जर्नलमध्ये आलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. यूजीन गारफिल्डने सायटेशन्सच्या सूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडली. कुठली जर्नल्स सूचीत घ्यावीत ते ठरवायला आणि ग्रंथपालांना खरेदीला उपयोगी पडावं, हा या मापाचा मूळ हेतू. माणसाला किंवा लॅबला ते लावायचं नव्हतंच.

एक मासला देतो. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये दोनच्या आसपास होता. २००९ मध्ये तो ४९.९ झाला. काय झालं होतं? शेल्ड्रिक या शास्त्रज्ञाने स्फटिकांची रचना शोधणाऱ्या शेलएक्स या आपल्या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगणारा एक लेख २००८ मध्ये तिथे लिहिला, आणि ते सॉफ्टवेअर वापरणारा प्रत्येकजण तो साइट करू लागला. एकाच लेखाने सगळं जर्नल उचललं. त्या वर्षी तिथे लिहिणारे बाकीचे सगळे ४९.९ वाले झाले, काही न करता. कोविडमध्येही तेच: 'लॅन्सेट'चा २०२१ चा आकडा २०२.७. म्हणून एखाद्या संस्थेच्या आलेखात २०२० ते २०२२ मध्ये टेकडी दिसली तर लगेच टाळ्या वाजवू नका. जीनोमवाल्यांनी त्या काळात विषाणूचे सिक्वेन्स काढले (म्हणजे त्याचा जीनोम अक्षर-अक्षर वाचला), त्याला जगभर मागणी होती. चांगलंच काम ते. पण टेकडीच्या अलीकडची आणि पलीकडची जमीन बघा.

आणि काका, संस्था जर फक्त रिव्ह्यू लेख, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख, ढीगभर लिहीत असेल तर तेही बघा. रिव्ह्यूला मूळ प्रयोगापेक्षा जास्त सायटेशन मिळतात आणि त्याला ना सिक्वेन्सर लागतो ना नमुने.

कुळागरकर
चर्चा छान चाललीय, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार. मी कॉलेजात शिकवतो. आकडे टाकून द्या, माणसाने वाचून पारख करावी, हे ऐकायला गोड लागतं. पण आपल्याकडे वाचून पारख करणार कोण? आकडे नव्हते तेव्हा काय होतं ते आमच्या पिढीने बघितलंय. निवड समितीतला कोणाचा तरी शिष्य आत आणि बाकीचे बाहेर. सायटेशनला निदान आडनाव कळत नाही. लहान गावातून आलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या मुलाला एच-इंडेक्सनेच दार उघडलंय, अशी उदाहरणं माझ्यासमोर आहेत.

सान फ्रान्सिस्कोचा 'डोरा' जाहीरनामा २०१३ चा, लायडन जाहीरनामा २०१५ चा. संशोधन मोजताना आकडे जपून वापरा असं सांगणारे. दोन्ही वाचलेत. दोन्ही उत्तम. दोन्ही अशा ठिकाणी लिहिले गेले जिथे समितीवर थोडाफार विश्वास ठेवता येतो.

सुशेगाद
कुळागरकर सरांना +१. वशिल्याला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो, पण इम्पॅक्ट असतो.

ताळगाव_पठार
सर, तुमचा राग समजतो आणि अर्धा मान्यही आहे. पण आकड्यालाही वशिला लावता येतो हो. एकमेकांना साइट करणारी टोळकी असतात. स्वतःलाच साइट करणारे असतात. पैसे घेऊन छापणारी जर्नल्स तर तुमच्याकडे रोज मेल पाठवत असतील. यूजीसीने पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती २०२२ मध्ये काढली, त्यामागे हेच कारण होतं. सक्ती होती तेव्हा छापखानेच जास्त चालले.

लायडन जाहीरनाम्याचं पहिलं कलम आकडे फेकायला सांगत नाहीच. आकड्यांनी जाणकाराच्या मताला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, एवढंच म्हणतं. आणि तिसरं कलम तर आपल्यासारख्यांसाठीच आहे: स्थानिक उपयोगाच्या उत्तम संशोधनाला जपा.

म्हादईपार
तिसऱ्या कलमावरून लिहावंसं वाटलं. मी वाळपईच्या बाजूचा, आरोग्य क्षेत्रातला.

आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये पाली गावात माकडताप निघाला, गोव्यात पहिल्यांदाच. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला विषाणू, गोचिडीतून येतो. आमच्याकडे काजूच्या हंगामात लोक बागेत जातात, बोंडू गोळा करायला खाली वाकतात, पाचोळ्यात हात घालतात, आणि गोचीड तिथेच असते. माकडं मेलेली दिसली की आम्हाला धडकी. नमुने पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेकडे जात. तिथल्या लोकांनी कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र अशा वेगवेगळ्या भागांतल्या विषाणूंचे जीनोम वाचून वंशावळ मांडली. कुठला विषाणू कुठून सरकत आला, हे त्यातूनच कळतं.

आता सांगा, माकडतापावर काम करणारे जगात किती? त्या निबंधाला साइट करणार कोण? कॅन्सरच्या जीनोमवरच्या एका बऱ्यापैकी निबंधाला सहज मिळणारी सायटेशन्स इथे सगळ्या विषयाला मिळून मिळायची नाहीत. पण बागेत जाणाऱ्या बाईला अंगाला काय लावायचं, घरी आल्यावर कपडे कुठे टाकायचे, हे सांगायला आम्ही दारोदार जातो तेव्हा कुठल्या गावाकडे आधी जायचं ते ठरवायला हेच कामाला येतं.

अवांतर: हंगाम आलाच आहे. गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल आरोग्य केंद्रात मिळतं, न्या.

अबोली
म्हादईपार, फार महत्त्वाचा प्रतिसाद. माझ्या माहेरी खाजन शेती. तिथला कोरगुट भात खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या (कृषी संशोधन परिषदेच्या) केंद्राने त्यातूनच निवड करून 'गोवा धान' वाण काढले. बांध फुटून खारं पाणी शिरलं तरी पीक हाती लागतं की नाही हे माझ्या भावाला कळतं, स्कोपसला कळत नाही.

कुळागरकर
मान्य. पण अबोलीताई, 'स्थानिक उपयोग' या नावाखाली दहा वर्षं काहीही न करणारेही बघितलेत मी. त्यांनाही सायटेशन नसतातच. शून्य आणि शून्य यांत फरक करायला परत माणूसच लागतो, आणि मग मी पुन्हा माझ्या मूळ मुद्द्यावर येतो.

ताळगाव_पठार
तिथे मात्र सर, तुम्ही मला पकडलंत. याला सोपं उत्तर नाही. क्षेत्रानुसार समायोजित केलेला आकडा थोडी मदत करतो: त्या विषयात, त्या वर्षी, त्या प्रकारच्या निबंधाला जगात सरासरी जितकी सायटेशन्स मिळाली त्याच्याशी तुलना. एक म्हणजे जगाची सरासरी, दीड म्हणजे दीडपट. माकडतापाची तुलना कॅन्सरशी होत नाही. अहवालात हा आकडा असेल तर तो बघावा, नसेल तर का नाही ते विचारावं. पण हीसुद्धा सरासरीच, ९०० वाला निबंध इथेही धुमाकूळ घालतो. म्हणून त्याहून बरं म्हणजे संस्थेचे किती टक्के निबंध आपापल्या क्षेत्रातल्या वरच्या दहा टक्क्यांत आहेत ते बघणं. लायडनची क्रमवारी तसंच करते.

दर्यावर्दी
उशिरा आलो. समुद्रविज्ञानात वर्षं काढली, आता निवृत्त. दोन गोष्टी.

एक, वेळ. २०२१ मध्ये 'सिंधु साधना' जहाज विशाखापट्टणमहून निघालं, हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांच्या जीनोमचा नकाशा करायला. बोटीवर पाणी उपसायचं, खोली बदलत बदलत नमुने घ्यायचे, बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणी लगेच गोठवायची. गोठवण्यात ढिलाई झाली की आरएनए गेला, परत तिथे जाऊन आणता येत नाही. मग किनाऱ्यावर सिक्वेन्सिंग, मग ताळगाव_पठार यांच्यासारख्या लोकांनी महिनोन्महिने संगणक तापवायचा, मग निबंध, मग कोणीतरी वाचायचं, मग त्याने आपलं लिहायचं, मग सायटेशन. दोन-तीन वर्षांच्या खिडकीतून बघणाऱ्याला हे काम दिसणारच नाही.

दुसरी गोष्ट, लेखकांची गर्दी. मोठ्या मोहिमेच्या निबंधावर नावांची रांग असते. त्यातल्या कोणाला किती श्रेय?

ग्रंथालयवाली
दर्यावर्दी काका, हीच तिसरी तळटीप. प्रत्येक संस्थेला पूर्ण एक गुण द्यायचा की वाटून द्यायचा. जीनोमइंडिया या राष्ट्रीय प्रकल्पात वीस संस्था आहेत, दहा हजार लोकांचे जीनोम. त्यावरचा एक निबंध पूर्ण मोजणीत वीस ठिकाणी एकेक धरला जातो. वाटून मोजलं तर प्रत्येकीच्या वाट्याला विसावा हिस्सा. 'नेचर इंडेक्स' दोन्ही आकडे शेजारी शेजारी देतं, म्हणून मला ते आवडतं. टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीत २०१५ मध्ये हजारावर लेखक असलेले निबंध काढूनच टाकले, कारण अशा एखाद्या निबंधावर एक नाव असलेलं छोटं विद्यापीठ एकदम वर उडत होतं. पुढच्या वर्षापासून ते वाटून मोजू लागले.

आणि ते 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ'! दरवर्षी पेपरात बातमी, फोटो, सत्कार. यादी अमेरिकेतल्या जॉन आयोनिडिस यांच्या गटाची, स्कोपसच्या आकड्यांवरची. बरी यादी आहे, कारण तीत स्वतःची सायटेशन्स वगळलेले आकडेही दिलेत आणि लेखकांच्या गर्दीचा हिशोबही. पण ती एका वर्षाची वेगळी आणि कारकिर्दीची वेगळी अशी दोन असतात. बातमीत कुठली ते क्वचित लिहिलेलं असतं.

सुशेगाद
आमच्या वाड्यावर दोन टक्केवाल्याचा बॅनर लागला होता. शेजारीच चवथीच्या शुभेच्छांचा. दोन्हींवर त्याच नगरसेवकाचा फोटो मोठा.

ताळगाव_पठार
:)
कन्सोर्टियमवरून एक राहिलं. २०१५ चा 'वन थाउजंड जीनोम्स'चा निबंध घ्या. २५०४ माणसं, जगातले २६ समूह, सायटेशन्स बेसुमार. त्यात भारतीय वंशाचे नमुने आहेत, पण गुजराती घेतले ह्यूस्टनमध्ये आणि तेलुगू ब्रिटनमध्ये. मराठी, कोकणी समूह नाहीच. त्याच्याशेजारी आयजीआयबीचा इंडिजेन ठेवा: १०२९ भारतीयांचे जीनोम, डेटाबेसवरचा निबंध २०२१ मध्ये 'न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च'मध्ये. सायटेशनच्या तराजूत दोघांची तुलनाच नाही.

पण इथल्या एखाद्या बाळाला दुर्मीळ आजाराची शंका आहे आणि जनुकात एक बदल सापडलाय, असं धरा. तो बदल आपल्याकडच्या धडधाकट लोकांतही सर्रास दिसतो का, हे बघायला रिपोर्ट लिहिणारा इंडिजेनसारखा भारतीय डेटा उघडतो. दिसला, तर तो बदल बहुधा निरुपद्रवी, शोध दुसरीकडे वळवा. त्या शोधाची नोंद सायटेशनच्या कुठल्याही यादीत होत नाही, कारण पेशंटचा रिपोर्ट हा निबंध नाही. २०२० मध्ये आयजीआयबीने काढलेली कागदी पट्टीवरची 'फेलुदा' ही कोविड चाचणी, तिचंही तेच. बंगालमधल्या कल्याणीच्या एनआयबीएमजी या जीनोमिक्स संस्थेचा तंबाखूमुळे होणाऱ्या हिरड्या-गालाच्या कॅन्सरवरचा २०१३ चा निबंध 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला, त्याला सायटेशन मिळालीच. पण हा कॅन्सर इथे घरटी ओळखीचा आहे म्हणून तो प्रश्न भारतातल्या संस्थेने घेतला, हे मला जास्त मोलाचं वाटतं. जीनोमिक्स संस्थेबद्दल मी पहिलं हे विचारीन: यांचा डेटा कोण, कशासाठी उतरवून घेतो?

फोंडेकर
मंडळी, बसलो ओपनअ‍ॅलेक्स घेऊन, लेकही येऊन बसली. पहिल्या संस्थेचे वरचे निबंध काढले. जवळजवळ सगळे आंतरराष्ट्रीय कन्सोर्टियमचे, लेखकांची यादी संपता संपत नाही, त्यात या संस्थेची एक-दोन नावं मध्येच कुठेतरी. ते बाजूला केले आणि मध्यक काढला तर दोन्ही संस्था जवळजवळ सारख्या! फरक जो डोळे दिपवत होता तो सगळा वरच्या मूठभर निबंधांचा.

भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, त्या मोठ्या प्रकल्पांत घेतलं तरी त्यांनाच ना? हेही खोटं नाही.

कुळागरकर
भाऊ शहाणा आहे तुमचा. कन्सोर्टियममध्ये जागा मिळणं हीसुद्धा कमाई असते. तिथे नमुने द्यावे लागतात, दर्जा सांभाळावा लागतो.

ताळगाव_पठार
अगदी. पण मुलीच्या दृष्टीने प्रश्न वेगळा. पीएचडीच्या मुलाला त्या यादीत दोनशेव्या जागेवर नाव मिळून काय करायचंय? तिने बघायचं ते गाईडच्या लॅबमधून गेल्या पाच-सहा वर्षांत कोण बाहेर पडलं, त्यांच्या नावावर पहिल्या लेखकाचे (म्हणजे मुख्य काम ज्याचं त्याचे) निबंध किती, आणि ते कुठे गेले.

ग्रंथालयवाली
प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर बघा. नोंदणी कधी, सादर कधी, दोन्ही पानं सुरुवातीलाच असतात. एखाद्या गाईडची मुलं सातत्याने रखडत असतील तर तिथे लगेच दिसतं. हे कुठल्याच अहवालात नसतं. आणि निबंध उघडत नसतील तर सांगा, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना २०२५ पासून सुरू झाल्यावर सरकारी कॉलेजांतून जवळजवळ तेरा हजार जर्नल्स वाचता येतात. आमच्याकडे येऊन बसा.

म्हादईपार
आणि लॅबमधल्या सध्याच्या मुलांना फोन करावा. गाईडसमोर नव्हे. सिक्वेन्सिंगसाठी रांग किती, किट संपली की किती दिवस हात चोळत बसायचं, जेआरएफचे सदतीस हजार वेळेवर पडतात का, हे तीच सांगतील.

फोंडेकर
सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. लेकीने दोन्ही लॅबमधल्या मुलांना मेल टाकलेत. एकीकडून सविस्तर उत्तर आलंय, दुसरीकडून अजून काही नाही. कोणाकडून आलं ते सुशेगाद बाब बरोबर ओळखतील.

एक शेवटची शंका. त्या दुसऱ्या लॅबच्या एका निबंधात पहिल्या दोन नावांवर फुली आहे आणि खाली लिहिलंय, दोघांचं योगदान समान. मग पहिला लेखक कोण धरायचा?

ताळगाव_पठार
दोघेही. पण तेवढ्यावर थांबू नका. निबंधाच्या शेवटी, आभाराच्या आसपास, कोणी काय केलं याचा एक परिच्छेद असतो. हल्ली बरीच जर्नल्स त्यासाठी चौदा ठरावीक भूमिका वापरतात: कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, पहिला मसुदा कोणाचा, पैसे कोणी आणले. लेकीला त्या लॅबमध्ये जे काम करायचंय, ते त्या दोघांपैकी कोणाच्या नावापुढे आहे ते बघा आणि त्यालाच फोन लावा.